खांदमळणीचं तूप

रुक्माबाई : तूप? कॅमेऱ्याला तूप लावून राहिला का तू, मुंजा?

मुंजाजी : बाहेरून, अक्का. सांध्यांना. पाणी आत शिरू नये म्हणून.

रुक्माबाई : आन् ही सायकलची ट्यूब?

मुंजाजी : ती भिंगाभवती. वरून युरियाच्या पोत्यातलं प्लास्टिक. नांदेडला एका साहेबाजवळ कॅमेरा पाहिला होता, सांध्या-सांध्यात रबर बसवलेला. भर पावसात उभा राहून फोटो काढून राहिला होता गडी. तसा आपल्याला कुठून भेटणार? म्हणलं, असं करून पाहू. जमंल का न्हाई, काय की.

रुक्माबाई : कळमनुरीत एवढं फोटोचं दुकान तुझं, आन् जमंल का न्हाई म्हणतो!

मुंजाजी : दुकानात पाऊस पडत न्हाई, अक्का.

रुक्माबाई : तूप कुठून घेतलं?

मुंजाजी : कोनाड्यातल्या वाटीतलं.

रुक्माबाई : अरे देवा! ती कालच्या खांदमळणीची वाटी. बैलाच्या खांद्याला चोळून उरलेली तूप-हळद हाय ती.

मुंजाजी : तरीच पिवळं दिसून राहिलं. मला वाटलं, गाईचं हाय.

ग्यानोबा : झालं का बहीण-भावाचं? तिकडं तोरणाखाली सगळ्यांचे बैल जमले. आपलाच राहिला.

रुक्माबाई : अवं, थोडं थांबा. एकदा पोळा फुटला की गर्दीत काय फोटो निघणार?

ग्यानोबा : पावसातच काहून? उद्या काढा की उघाड पडल्यावर.

रुक्माबाई : उद्या हरण्या उभा राहील का? सकाळी तुमी आन् मुंजानं धरला तवा उठला. पुढच्या पोळ्याला हा न्हाई, तुमालाबी ठावं हाय. अंगावर झूल, शिंगाला बेगड, असा सजलेला आजच हाय.

ग्यानोबा : बरं, बरं. मी कासरा धरतो. मला मातर घेऊ नका फोटोत.

मुंजाजी : दाजी, तुमी बाजूलाच ऱ्हा. अक्का, तू मानेपाशी हो. रंग वघळून राहिला बघ त्याचा.

रुक्माबाई : वघळू दे. याद हाय का रे, पंचमी करून मी शिरड शहापूरहून निघाले, बाबांनी ह्याला आंदण दिला, तवाबी असाच पाऊस होता.

मुंजाजी : याद कशी न्हाई? दावं माझ्याच हातात होतं. तू गाडीत रडून राहिली, हे वासरू मागं हंबरून राहिलं. बाबा म्हणले, दोघांपैकी एकाला तरी गप करा रे.

रुक्माबाई : आन् ओढ्यापाशी अडला. पाण्यात पाय घालंना. तू उचलून घेतला.

मुंजाजी : उचलला आन् दोघंबी आडवे झालो. नवा सदरा पार चिखलात.

रुक्माबाई : सासरच्या वाटेवर तवा पहिल्यांदा हसले मी. मंग किती दिवस गोठ्यात ह्याच्यापाशीच जाऊन बसायची. माहेरचा वास यायचा ह्याच्या अंगाला. बहात्तरच्या दुष्काळात बाकीची जनावरं गेली, ह्याला न्हाई इकू दिलं मी.

ग्यानोबा : नुसतं तोंडानं न्हाई म्हणली न्हाई! दावं आपल्याच कमरेला बांधून बसली होती. व्यापारी म्हणला, पाटील, बाईसगट देता का?

मुंजाजी : आता हलू नका कोणी. अक्का, इकडं पाहा... अरे, हा येऊन राहिला! दाजी, कासरा!

ग्यानोबा : धरलाय! सकाळी उठंना, आन् आता जोर बघा ह्याचा!

मुंजाजी : हट्! हट्! अक्का, कॅमेरा चाटून राहिला हा!

रुक्माबाई : तुपाचा वास लागला त्याला. कालपासून तोंडात काडी घेतली न्हाई लेकरानं. चाटू दे, मुंजा. जरा चाटू दे.

मुंजाजी : चाटू दे काय! ट्यूब सरकली. भिंगावर जीभ फिरली.

ग्यानोबा : पूस की मंग.

मुंजाजी : कशानं पुसू? सदरा, धोतर, सगळं वलं. पुसावं तर तूप आणखीच पसरतं, दाजी. नुसतं धुकं दिसून राहिलं.

रुक्माबाई : तसाच काढ.

मुंजाजी : बिघडंल, अक्का.

रुक्माबाई : बिघडू दे. डफडं थांबलं, पोळा फुटायला आला. काढ तू. हरण्या, मागं ये. ये माझ्या राजा. आस्सं.

(कॅमेऱ्याचा खटका वाजतो. पुढच्या बाजाराच्या दिवशी, कळमनुरीत मुंजाजीचं दुकान.)

मुंजाजी : ये अक्का, बस. दाजी न्हाई आले?

रुक्माबाई : त्यांचं मन न्हाई लागत कुठं. हरण्या गेला, मुंजा. बांधावरच्या आंब्याखाली पुरला.

मुंजाजी : मला निरोप तरी द्यायचा.

रुक्माबाई : पावसात धावत आला असता तू. काय करणार होता येऊन? फोटो दाव.

मुंजाजी : दाखवायचा जीव होत न्हाई. पुन्हा पुन्हा छापून पाहिला. माझंच चुकलं, झाकायला गेलो आन् हे करून बसलो. तोंड न्हाई, शिंगं न्हाईत, झूल न्हाई. नुसता पांढरा ढग.

रुक्माबाई : दे तर इकडं.

मुंजाजी : भिंगाचा एक कोपरा साफ राहिला होता. तिथं तेवढा तुझा हात आला, मानेवरचा. हाताखालच्या मानेचा केस न् केस दिसतो. बाकी काही न्हाई... रडू नको, अक्का. त्या साहेबाचा कॅमेरा असता तर सगळा बैल आला असता.

रुक्माबाई : सगळा कशाला रे? बाकीचा तर औतातच गेला. माझा एवढाच होता.