पाच नंबरचं बटण

स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावून शिक्षिकाबाई बॅटरी-स्टिरिओच्या दुकानातल्या बाकावर बसल्या होत्या. वही तपासायला काढली होती, पण कान काही मिटून ठेवता येत नाहीत. समोर दुकानदार आणि एक वयस्कर गृहस्थ बोलत होते.

"काका, गाडीतल्या एवढ्या दांडग्या स्टिरिओला ही बॅटरी पुरायची नाही. मोठी टाका, आणि आठवड्यातून एकदा गाडी फिरवा."

"टाक. परवा मुलगा येतोय, तीन वर्षांनी. गाडी त्याला होती तशी मिळायला हवी."

"एवढे दिवस उभीच?"

"उभीच. बॅटरी उतरू नये म्हणून मीच वायर काढून ठेवली. तरी मेलीच."

"अहो, वायर काढली की स्टिरिओ सगळं विसरतो! तुमच्या मुलाने माझ्याकडून एकेका बटणावर वेगवेगळा आवाज बसवून घेतला होता. एक नंबर मित्रांचं, पाच नंबर तुमचं."

"माझं?"

"ढमढम बंद, नुसता गाणाऱ्याचा गळा. म्हणाला, बाबा बसले की हेच दाबायचं."

"मी बसलोच नाही रे. 'तुझ्या बँडबाजात बसण्यापेक्षा चालत जाईन,' म्हणालो त्याला, आणि गेलो."

"आणि तो?"

"काच खाली करून घरापर्यंत हळूहळू मागे आला. काहीतरी सांगत होता. मी कानांवर हात ठेवले होते."

"पाच नंबर परत बसवू? आवाज किती ठेवू?"

"त्याने ठेवला होता तेवढाच."

"तो आता मला कुठला आठवायला, काका?"

"मग राहू दे कोरं. परवा मी गाडीत त्याच्या शेजारी बसतो. बसवेल ना तो?"