बंदुकीचा वाटा

मी दत्ताराम, कणकवलीच्या वर घाटाच्या पायथ्याला आमचं गाव, आणि लिहिताय तर पहिलं हे लिहा की माझा बाप हाकारी होता. हसू नका. इथे कार्डिफला मंडळाच्या गणपतीला जमलं की सगळ्यांचे बाप हेडमास्तर नाहीतर मामलेदार निघतात, मग गावची शेतं नांगरली कुणी, देव जाणे. माझा बाप हाकारी. म्हणजे काय, तर डुकरं भातात शिरली की गाव जमायचा, परवान्याची बंदूक फक्त मोठ्या घरात, ते लोक बंदूक घेऊन पाणंदीच्या तोंडाशी दगडावर बसायचे, आणि आमची माणसं पलीकडून रानात शिरायची, डबे बडवत, बोंबलत, करवंदीच्या काट्यांतून अंग ओरबाडून घेत डुक्कर उठवायची आणि नेऊन द्यायची त्यांच्या समोर. ते ठो करायचे. झाली शिकार. ही तेव्हाची गोष्ट, आता तिकडे कायदा वेगळा आहे, ते मला माहीत आहे, मला कुणी शिकवू नये.

डुक्कर पडलं की वाटे पडायचे. रानात जो आला त्या प्रत्येकाला वाटा, कुत्र्यालासुद्धा, कुणी नुसता बघायला आलेला असला तरी त्याच्या पानावर काहीतरी पडायचंच, ही रीत चांगली, तिला मी नावं ठेवत नाही. पण मुंडी आणि मागची मांडी बंदुकीची. बंदुकीची हां, मारणाऱ्याची नव्हे. एखाद्या वेळी मोठ्या घरातला म्हातारा थकला आणि दुसऱ्या कुणी चाप ओढला तरी मांडी जाणार बंदूक ज्याची त्याच्या घरी. काय सांगू तुम्हाला, एकदा डुक्कर पुढे जायचं सोडून उलटं फिरलं आणि बाबांच्या पोटरीत सुळा घातला, चांगली फाटली पोटरी, चौघांनी उचलून आणलं. आई हळद दाबत बसलीय, रक्त थांबत नाही, आणि ओटीवरून हाक आली, वाटा घ्या हो. बघतो तर पानावर बरगड्या. मांडी मोठ्या घरी गेली. मी लहान होतो, मी विचारलं, बाबा, तुम्ही का नाही धरत बंदूक? बाबा म्हणाले, गप जेव. तेव्हापासून बाबा लंगडतात. आणि ते गप जेव माझ्या डोक्यातून काही गेलं नाही.

पुढे मी एसटी डेपोत हेल्पर झालो, लग्न झालं, सुनंदा नर्स. दोन हजार सालानंतर इथे ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांना नर्सेस पाहिजे होत्या, तिचा इंटरव्ह्यू झाला मुंबईला, ती आली आणि तिच्या व्हिसावर मी आलो. हे पण लिहा. मंडळात लोक म्हणायचे, मिसेस कामाला, मिस्टर सोबतीला! एक जण तर दर वर्षी म्हणायचा. मी एकदा सांगितलं, हो, सोबतीलाच आहे, तुमच्या मिसेसना विचारा त्यांना सोबत मिळते का. बायका अशा हसल्या की पुढच्या गणपतीला तो माझ्या बाजूला बसलाच नाही. मला हॉस्पिटलातच पोर्टरचं काम मिळालं. पेशंटना ट्रॉलीवरून ऑपरेशन थिएटरला न्यायचं, एक्स-रेला न्यायचं, आणायचं. चांगलं काम आहे. माणूस घाबरलेला असतो, त्याच्याशी चार शब्द बोलायचे.

तर एके दिवशी स्टाफरूममध्ये पेपर पडलेला, त्यात फोटो, अख्खी हिरवळ उकरून ठेवलेली, आणि खाली लिहिलेलं की इथून जवळच, नदीपलीकडच्या डीनच्या जंगलात रानडुकरं आलीत. कुणी म्हणे फार्मवरून सुटली, कुणी म्हणे कुणीतरी आणून सोडली. सगळे हसत होते. मी नाही हसलो. अहो, ती उकरलेली माती मी ओळखली की! तशीच, आमच्या भातात असायची तशीच. संध्याकाळी सुनंदाला सांगितलं, मी डुक्कर मारणार, बंदुकीने, स्वतः. ती म्हणाली, अहो, लोक या वयात स्विमिंग शिकतात. मी म्हटलं, शिकू देत.

आता जागा शोधायची. पहिला फोन केला एका ठिकाणी, शिकार करवून देतात म्हणून जाहिरात होती. तो माणूस फार गोड बोलला. दिवसाची फी वेगळी, रायफलचं भाडं वेगळं, डुक्कर पडलं तर वजनावर वेगळे, सुळे पाहिजे असतील तर त्याचे आणखी. मी ऐकतोय, मनात पगाराचा हिशोब कधीच बुडालेला. म्हटलं, आणि मटण? तर म्हणे, मटण आमचं, तुम्हाला हवं असेल तर विकत मिळेल. मी म्हटलं, म्हणजे मी मारायचं, मीच पैसे द्यायचे आणि वाटा नाही? तो म्हणाला, फोटो मिळतो ना. फोटो! फोटोला काय फोडणी घालू? ठेवला फोन.

दुसऱ्यांदा प्रत्यक्ष गेलो, रविवारी, बस बदलून बदलून, नदीच्या पलीकडे. तिथे एक शूटिंगवाला ग्रुप जमतो असं कळलं होतं. मेणकापडाची जाकिटं, उंच बूट, कुत्रे. त्यांच्यातला मुख्य माणूस, वाईट नव्हता तो, हात मिळवला, कुठून आलात विचारलं. मी म्हटलं, मला शिकायचंय, फार पैसे नाहीत, पण कामाला कमी नाही. तर तो खूश झाला आणि म्हणाला, मग आमच्याकडे बीटर म्हणून या की! सीझनभर काम आहे, रोजचे पैसे देतो, जेवण, वर बिअर. बीटर म्हणजे काय हो? त्याने हाताने दाखवलं. काठी घ्यायची, झुडपं बडवायची, ओरडत पुढे यायचं, आणि पक्षी उडवून बंदुकवाल्यांच्या समोर आणायचे.

एवढा समुद्र ओलांडून आलो आणि हा माणूस माझ्या हातात बाबांचीच काठी देतोय, आणि वर हसतोय, त्याला वाटतंय उपकार करतो. मी म्हटलं, सर, आमच्या घरातलं ते काम झालं करून. माझ्या बापाने दोघांच्या वाटचं केलं. मी बसेन तर बंदुकीवर, नाहीतर घरी बसेन. त्याला काही कळलं नाही. म्हणाला, फक्त एक ऑफर होती. मी म्हटलं, थँक यू, नो. आणि बस येईपर्यंत पावसात उभा राहिलो, त्यांच्या शेडमध्ये नाही गेलो. सुनंदाने कपडे पिळताना विचारलं, काय मिळालं? म्हटलं, सर्दी.

मग मी ठरवलं, जिथे डुक्कर त्रास देतं तिथेच जायचं. ज्याच्या शेतात नासधूस त्यालाच माणूस पाहिजे असणार, तो पैसे कशाला मागेल? साधी गोष्ट आहे. रविवार आला की मी निघायचो, जंगलाच्या कडेची शेतं, एकेक दार. नमस्कार, डुकरं येतात का? सुनंदा म्हणायची, घरोघरी डुक्कर मागत फिरणारा अख्ख्या कोकणातून एकच निघाला. कुणी दार लावून घेतलं, कुणी कुत्रं सोडलं, एका बाईला वाटलं मी धर्माची पुस्तकं वाटतोय. मी जात राहिलो. लाज कसली? चोरी करायला जात नव्हतो.

आणि एका ठिकाणी कुंपणाच्या आत म्हातारी उभी. तिचं नाव ग्वेन, मी ग्वेनबाई म्हणतो. तिचं अख्खं कुरण रात्रीत उलथून टाकलेलं आणि ती एकटी, गुडघे आखडलेले, हिरवळीचे पालथे गड्डे पायाने सुलटे करत होती. मी काही विचारलं नाही. फाटक उघडलं आणि दुसऱ्या टोकापासून गड्डे सुलटे करायला लागलो. दुपार झाली. तेव्हा ती म्हणाली, यू, तुम्ही काय विकता? मी म्हटलं, काही नाही, मला तुमचं डुक्कर मारायचंय. ती इतकी हसली, इतकी हसली की कुंपणाला धरून उभी राहिली. मग म्हणाली, बंदूक चालवलीय कधी? म्हटलं, कधीच नाही. चहा पिता? म्हटलं, पितो.

नवरा गेल्यावर तिने रायफलचा परवाना स्वतःच्या नावावर काढलेला, हात असा पक्का की काय सांगू, पण गुडघ्यांमुळे थंडीत फार वेळ बसवत नव्हतं. ती म्हणाली, कायद्याने माझ्या जमिनीवर, मी शेजारी असताना, माझी रायफल तू चालवू शकतोस. पैसे नकोत. कुंपण नीट कर. झालं, तेच आमचं ठरलं. रविवारी मी खांब ठोकायचो, तारा ओढायचो, आणि दुपारी ती मातीच्या उंचवट्यासमोर कागदी प्लेट लावून मला शिकवायची. फार रागीट मास्तरीण. पहिल्या बाराला मी डोळे मिटले तर म्हणाली, डोळे मिटून मारायचं असेल तर चर्चमध्ये जा. खांदा काळानिळा. सुनंदा म्हणाली, माझ्या वॉर्डात असता तर मी पोलिसांना कळवलं असतं.

कुंपण संपलं तरी डुक्कर काही पडलं नाही. एकदा डुकरीण आली, तर पिल्लांची आई, ग्वेनबाईने माझ्या हातावर हात ठेवला, नो. मीही म्हटलं, नो. पुढे हिवाळा लागला. मग एका सकाळी, दव पडलेलं, आम्ही गवताच्या गठ्ठ्यांमागे बसलेलो, आणि कडेच्या झाडीतून एकटा नर बाहेर आला. कुणी हाकललेला नाही हां, कुणी उठवलेला नाही, आपल्या पायाने आला. माझ्यासमोर आडवा वळून उभा राहिला. आणि मला ऐकू काय आलं सांगू? डबे. खोटं नाही सांगत, बाबांचे डबे ऐकू आले. मी चाप ओढला. तो चार पावलं धावला आणि बसला. रायफल ग्वेनबाईने माझ्या हातातून काढून घेतली. मी रडलो पण. का नाही रडणार?

तपासणीला तुकडा पाठवायचा असतो, तो पाठवला, ठीक आहे म्हणून आलं, मग तिच्या गोठ्यात मी वाटे घातले. ग्वेनबाईचा, शेजाऱ्याचा, तिच्या कुत्रीचा, पोस्टवाला डुक्कर पडलं त्या सकाळी उभं राहून बघून गेला होता त्याचा पण. आणि आता ऐका. मुंडी आणि मागची मांडी मी उचलली, पुसली, स्वच्छ कापडावर ठेवली आणि नेऊन ठेवली ग्वेनबाईच्या पुढ्यात. कुणी सांगितलं होतं मला? कुणी नाही! दार ठोठावत फिरलो, पावसात उभा राहिलो, जाकीटवाल्याला नो म्हटलं, आणि माझेच हात, हे हात, मांडी मोठ्या घरी पोचवायला निघाले.

ती म्हणाली, हे काय? मी म्हटलं, बंदुकीचा वाटा. बंदूक तुमची. ती म्हणाली, माझी बंदूक कपाटात असते, तिला भूक लागत नाही. मी म्हटलं, नाही, आमच्याकडे अशीच रीत आहे. तशी ती चिडली. म्हणाली, थंडीत खांब कोणी ठोकले? तू. मारलं कोणी? तू. मग ही माझ्यापुढे का ठेवतोस, मी कोण आहे, तुझी मालकीण? आणि ती मांडी तिने स्वतः उचलली, गुडघे दुखत असताना, आणि माझ्या हातावर अशी आदळली की मी मागे सरकलो. टेक इट होम, दत्ता. आतून काहीतरी मोकळं झालं बघा.

घरी त्या मांडीला पुरेल एवढं पातेलंच नव्हतं. सुनंदाने दोन पातेल्यांत केली, खोबरं भाजून, वाटप लावून, वरून सोलं, म्हणजे कोकमं. शिजत असतानाच गावी फोन लावला. बाबांना कमी ऐकू येतं, मी ओरडून सांगितलं, बाबा, डुक्कर मारलं, मी मारलं! ते म्हणाले, बंदूक कोणाची? म्हटलं, इथल्या शेतकरीणबाईची. मग हळूच म्हणाले, आणि मांडी? मी म्हटलं, बाबा, मांडी आपल्या चुलीवर आहे. तुका दिल्यान? असं तीनदा विचारलं. तुका दिल्यान? मी म्हटलं, हो बाबा, तिनेच माझ्या हातात दिली. मग म्हणाले, बरा झाला, आता गप जेव. आणि हसले. माझा बाप फोनवर हसलेला मी तेवढाच ऐकला.

बाबा अजून आहेत, काठीवर फिरतात, आणि वाडीत येईल त्याला सांगतात, माझ्या झिलाच्या घराक मांडी येता. झील म्हणजे मुलगा, मी. येऊ दे की, सांगू देत. मी अजून जातो ग्वेनबाईकडे, तिचं कुंपण अजून मीच बघतो. मंडळातले म्हणतात, पोर्टर माणूस आणि शिकारीचे शौक! शौक नाही हो. माझ्या बापाचं जे राहिलं होतं ते मी आणतो, आणि विचारून आणतो, उजळ माथ्याने आणतो. ज्याला नाक मुरडायचंय त्याने मुरडावं.

बंद करा आता ते लिहिणं. सुनंदा, यांचं बांध गो. नाही नाही, नाही म्हणू नका. इतका वेळ ऐकत बसलात म्हणजे तुम्ही रानात होतात, आणि रानात होता त्याला वाटा. खात नसाल तर शेजाऱ्याला द्या, पण हातात घ्या. बरगड्या नाहीत त्या, बघून घ्या, मांडीचं आहे.