घरचा माणूस

तुमी कामगार कोर्टाचा विषय काढलाच, म्हणून सांगतो. नागापूरला ज्या वर्कशॉपच्या गेटवर मी बसतो, तिथं दत्तूची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. उजव्या हाताची. भरपाई द्यावी लागू नये म्हणून शेठनं कोर्टात साहेबापुढं काय सांगावं? "दत्तू कामगार नाहीच हो. घरचा माणूस आहे. मदतीला यायचा."

दत्तू पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन खाली बघत बसला हुता. शेठ आमा सगळ्यांनाच घरचं म्हणायचा. दिवाळीला सोताच्या हातानं पेढा भरवायचा, आन आमी येडे खूश व्हायचो.

साक्षीला मी हुतो. साहेबानं मला विचारलं, "बाबा, दत्तू यांच्या घरचा आहे का?"

मी म्हणलं, "साहेब, दत्तूची आई वारली तवा ह्यांच्या घरी सुतक न्हवतं. ह्यांनी त्याच आठवड्यात सत्यनारायण घातला. आन दत्तूला निरोप धाडला, दहाव्यापर्यंत थांबू नको, मशीन बंद पडलीय."

साहेबानं शेठकडं बघितलं. "सुतक पाळलं नाही?"

शेठ चाचरला. "साहेब, आमचं आडनाव वेगळं. आम्हाला कशाला सुतक?"

"मग कामगार लिहितो," साहेब म्हणला.

बाहेर आल्यावर शेठनं मला गाठलं. "तात्या, तुम्हीसुद्धा उलटलात? तुम्हाला तर मी घरचा माणूस समजत होतो."

"नको शेठ," मी म्हणलं. "माझी धाच्या धा बोटं अजून जागेवर हायेत. मला कामगारच राहू द्या."