लिंबाएवढा पंगलिमा

...आणि वर मलाच विचारतात, "तुला कळलं कसं नाही?" अहो, कळणार कसं? लिंबाएवढं पिल्लू! त्याची चोच कुठल्या बाजूला नि बूड कुठल्या बाजूला तेच दिसेना, आणि म्हणे सांग, नर की मादी! मी शिंपी माणूस. तुम्पातच्या अर्ध्या गावाच्या छात्या मी मोजल्यात, पण माणसांच्या हो! कोंबड्यांच्या नाही!

सगळं सुरू झालं आमच्या मेव्हण्यापासून. देरामन, बायकोचा धाकटा भाऊ. ह्याला सेरामा कोंबड्यांचा नाद. आणि सेरामाची ऐट म्हणजे... तुम्हाला सांगतो, चहाच्या किटलीएवढा जीव, पण छाती इतकी पुढे की मान पाठीला टेकते, पंख तलवारीसारखे खाली ताठ, शेपूट आभाळात! स्पर्धेच्या टेबलावर ठेवला की वाटावं, अख्खं केलांतान राज्य जिंकून आलाय. देरामनच्या कोंबड्याचं नाव पंगलिमा, म्हणजे सेनापती. बायको वारल्यापासून देरामनला घरात बोलायला तेवढं एकच माणूस... कोंबडा म्हणायचं होतं मला. तर त्या सेनापतीला एके सकाळी घोरपडीनं उचललं. आणि त्याच आठवड्यात देरामनच्या हृदयानं दगा दिला.

डॉक्टर म्हणाले, ताबडतोब ऑपरेशन. आणि हा पठ्ठ्या सहीच करेना! पंगलिमापासून झालेली शेवटची अंडी आमच्या घरी उबवायला ठेवलेली. त्यातून दोन पिल्लं निघाली, एक काळं, एक पांढरं. लगेच हॉस्पिटलातून फोन.

"दाजी, नर आहे का?"

"अरे बाबा, अजून ओली आहेत ती!"

"नर असेल तर सही करतो. वंशच बुडाला असेल तर कुणासाठी छाती फाडून घेऊ?"

आता बोला! लिंबाएवढं पिल्लू, आणि त्यावर माणसाचा जीव टांगलेला!

त्यात ती उबवणारी कोंबडी, पोरं झाल्या झाल्या जी उठली ती परत फिरकली नाही. मग आई कोण? मी! खोक्यात बल्ब लावा, बल्ब जवळ झाला की पिल्लं धापा टाकतात, लांब गेला की चिवचिवाट करून घर डोक्यावर घेतात... पाणी द्यायचं ते बाटलीच्या झाकणात, तेही आत खडे टाकून. का? बुडतात! झाकणात बुडतात हो! उकडलेल्या अंड्याचा बलक बोटावर घेऊन भरवा... एकीकडे ईद तोंडावर, गिऱ्हाईक दारात उभं, "वान समाइल, माझा सदरा?" आणि वान समाइल खोक्यात डोकं घालून पिल्लाचं बूड पुसतोय!

शेवटी शेजारच्या पोक हमातला, म्हणजे हमातकाकाला बोलावलं. म्हाताऱ्याची हयात सेरामात गेली. आला, बसला, कॉफी प्याला, मग म्हणाला, "सुई दे, दोरा ओवून." दिली. पिल्लावर सुई लोंबकळत धरली. "गोल फिरली तर मादी, सरळ झुलली तर नर." सुई आधी गोल फिरली, मग सरळ झुलली, मग नुसती थरथरली. मी म्हटलं, "पोक, तुमचा हात थरथरतोय."

"कॉफी कडक होती," म्हणे.

मग मानेला धरून उचललं. "पाय पोटाशी घेतले तर मादी, सोडले तर नर." पिल्लानं एक पाय घेतला, एक सोडला. मग डोक्यावरची टोपी काढून खोक्यावर झपकन फिरवली. "जो ताठ उभा राहील तो नर!" काळं होतं तिथं उभं राहिलं, पांढरं माझ्या बाहीत घुसलं. "काळा नर!" हमात म्हणाला, आणि दारात पोचल्यावर हळूच, "अल्लालाच ठाऊक म्हणा. लाल तुरा दिसेपर्यंत कुणाच्या बापाला कळत नाही."

हे आधी सांगायचं ना!

एवढ्यात फोन वाजला. एसाह, आमची बायको, समोर उभी. डोळ्यांत पाणी, पण आवाज तोच, नेहमीचा करडा. "अहो, नर म्हणा! मला भाऊ पाहिजे, कोंबडा नकोय!" मी म्हटलं, "देरामन, नर आहे. काळा." पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. "सांभाळ त्याला, दाजी." आणि सही केली.

ऑपरेशन झालं. वाचला. पुढं काही महिने लेकीकडे कोता भारूला राहिला विश्रांतीला, आणि इकडे आम्ही काळ्याच्या सेवेला. काळ्याला खायला वाळवी, काळ्याला बलक, काळ्याला रोज टेबलावर उभं राहायची तालीम. आणि पांढरी? ती मादी ना! तिला विचारतो कोण? ती स्वयंपाकघरात एसाहच्या पायात. भात खायची, मासळीच्या रश्श्यात चोच घालायची, आणि दिवसभर शिव्या ऐकायची. "ए टवळे, हो बाजूला! ए टवळे, सरळ उभी राहा!"

तर देरामन परतला. काठी टेकत, हळूहळू. मी काळ्याला टेबलावर सजवून ठेवलेला. देरामननं हात पुढं केला, आणि... स्वयंपाकघरातून आवाज आला. बारीक, फाटका, पण बांग! साक्षात बांग! मागोमाग पांढरी टवळी तुरा लाल करून दारात हजर. आणि काळा सेनापती? तो टेबलावर अंग चोरून लाजत बसलेला... बसलेली!

माझी नजर देरामनच्या छातीवर, टाके उसवले म्हणजे? तो काठी टाकून जमिनीवरच बसला. डोळे मिटले. "बापाचाच आवाज आहे रे," म्हणाला. मग हसायला लागला, एका हातानं छाती दाबून. "दाजी, नर आहे म्हणालास ते खरंच की. रंग चुकला!" मला मात्र रडू आलं, आता काय सांगू. लिंबाएवढं पिल्लू, पण माणसाला परत आणलं त्यानं.

इथं थांबायला हवं होतं की नाही? पण नाही! देरामनला त्या पांढऱ्याला स्पर्धेत उतरवायचं होतं. पासिर मास गावाला गेलो. टेबलावर ठेवला, आणि हा भात खाऊन सुस्तावलेला गडी बुडावर बसला! पोतं ठेवावं तसा! देरामननं चुटक्या वाजवल्या, मी शीळ घातली, ढिम्म. परीक्षक घड्याळ बघायला लागले. लोक फिदीफिदी हसतायत, देरामनचा चेहरा पांढराफटक, मला पुन्हा त्याच्या टाक्यांची काळजी... एवढ्यात गर्दीतून डबा घेऊन एसाह आली. तिनं एकदा टेबलाकडे पाहिलं, आणि कडाडली, "ए टवळे! सरळ उभी राहा!"

अहो, काय सांगू! मान मागे, छाती पुढे, पंख ताठ, शेपूट आभाळात! परीक्षकांनीसुद्धा खुर्च्यांत पाठी सरळ केल्या. आणि माझ्या लक्षात आलं की टेबलाशेजारी मीही उभा आहे, पोट आत, छाती पुढे, हात विजारीच्या शिवणीला चिकटलेले...

त्याला तिसरा नंबर मिळाला. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.