दुष्यंतरावांची उलटतपासणी

(भोकरदनच्या कोर्टाबाहेरचा बाक. सकाळ.)

द्वारकाबाई : हात जोडू नका. तुम्ही हात जोडले की माझ्या अंगावर काटा येतो. हा कागद घ्या अन् सही करा.

कल्याण : मावशी, आधी बसा तरी. बाक रिकामा आहे. चहा सांगतो.

द्वारकाबाई : तुमच्या हातचा चहा? सासूला कशानं मारलं व्हतं तुम्ही?

कल्याण : बेसनाच्या लाडवानं. पण ते मालिकेत.

द्वारकाबाई : सोमवारी तिनं लाडू चावला. बुधवारी डोळे पांढरे केले. शुक्रवारी कुठं जीव सोडला बिचारीनं. आमच्या गल्लीत त्या हप्त्यात कोणी बेसन भाजलं न्हाई, वकीलसाहेब.

कल्याण : कागद कसला आहे?

द्वारकाबाई : वकील बदलायचाय मला. जालन्याचे वकील म्हणले, आधीच्या वकिलाकडून 'माझी हरकत नाही' असं लिहून आणा, त्याबिगर मी फाईलीला हात लावत न्हाई. लिव्हा. मी, ॲडव्होकेट कल्याण बद्रीनाथ तांगडे, कंसात दुष्यंतराव.

कल्याण : कंस कशाला?

द्वारकाबाई : तांगडे म्हणलं तं वळखंल का कोणी?

कल्याण : मावशी, माझ्याकडं एकच केस आहे. ही.

द्वारकाबाई : मंग? माझ्याकडं बी एकच विहीर हाये.

कल्याण : तुम्ही स्वतःहून आला होतात माझ्या ऑफिसात.

द्वारकाबाई : वकील करायला आल्ते का मी? शेजारची चांगुणाबाई म्हणली, टीव्हीतला तो मेला भोकरदनात कोर्टासमोर पाटी लावून बसलाय, चल, दोन शिव्या देऊन येऊ. तेवढ्यासाठी बस धरून आलो आम्ही. तुम्ही खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. बाहेर आले तं वकीलपत्रावर माझी सही झाल्ती.

कल्याण : तुम्ही रडत होतात. दिरानं विहिरीवरची मोटार काढून बांधावर फेकली म्हणालात.

द्वारकाबाई : रडू आलं पाण्यामुळं. पाणी बगितलं की येतं मला. तुम्ही तेवढ्यात कागद पुढं केला. लाडू बी असाच केल्ता.

कल्याण : दाव्यात दम आहे, मावशी. सामाईक विहीर, सात-बाऱ्यावर दोघांची नावं. आठवड्यातले तीन दिवस पाण्याची पाळी तुमची, चार दिवस तुमच्या दिरांची, रखमाजींची. आता ते म्हणतात, तुमच्या मालकांनी मरायच्या आधी पाळी त्यांना तोंडी देऊन टाकली. हे तोंडी बोलणंच खोटं ठरवायचं आहे.

द्वारकाबाई : ह्ये मला ठाऊक हाये. तुम्हाला ठाऊक हाये. तुम्ही तोंड उघडलं की मातर जज्जसाहेबांना भलतंच ठाऊक होतं. उन्हाळ्यात मनाईच्या अर्जाला काय बोलले तुम्ही?

कल्याण : ते जरा भावनेच्या भरात.

द्वारकाबाई : सांगा की. पलीकडच्या बाकावरच्यांना बी ऐकू द्या.

कल्याण : "विधवेच्या डोळ्यांसारखी ती विहीर काठोकाठ भरलेली आहे, महोदय."

द्वारकाबाई : वैशाखात! तळाला दोन हात पाणी राह्यल्तं, खाली बेडकं बगत बसली व्हती. अन् त्यांचा वकील उठून काय म्हणला? 'विधवा राहू द्या साहेब, काठोकाठ भरलेली आहे, एवढंच लिहून घ्या.' झालं. पाणी मुबलक, अर्ज नामंजूर. दोनशे मोसंबीतली साठ झाडं वाळली माझी. एकेका झाडाला मी अंगणातली हंडी नेऊन घालायचे.

कल्याण : …मला माहीत आहे.

द्वारकाबाई : अन् बोलून झाल्यावर मान वळवली. झटका. मंग परत झटका. परत झटका. साहेबांनी इचारलं, वकीलसाहेब, मान अवघडली का?

कल्याण : सवय आहे ती. तिकडं मालिकेत तोच चेहरा तीन कोनांतून दाखवतात.

द्वारकाबाई : अन् नंतर पुतळ्यावानी उभे राह्यले! पुढचं प्रकरण पुकारलं, माणसं आली, तुम्ही तिथंच. शिपायानं कोपराला धरून आणलं.

कल्याण : ती पण सवय. तिकडं शॉट चालू असला की चेहरा धरून ठेवायचा. दिग्दर्शक 'कट' म्हणेपर्यंत पापणी हलवायची नाही. चार वर्षं तेच केलं. आता समोरचा बोलायचा थांबला की माझं आपोआप होतं.

द्वारकाबाई : तेच करत राह्यचं मंग! कामून सोडलं? काम सुटलं आसंल.

कल्याण : मी सोडलं. दुष्यंतराव तीनदा मेला. पहिल्या दोनदा त्यांनी मारला, तिसऱ्यांदा मी सांगून मेलो. मग संभाजीनगरला तीन वर्षं वकिली शिकलो.

द्वारकाबाई : तिसऱ्या बारीला आमच्या भजनी मंडळानं पेढे वाटले. अन् तुम्ही निघाले भोकरदनात! एक सांगा. तिकडं तं तुमच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. चांगुणाबाई तुम्हाला मुकाच समजायची. कोर्टात आले तं तोंड बंद होईना. आसं कामून?

कल्याण : साठलेलं होतं.

द्वारकाबाई : त्ये माझ्या विहिरीवर कामून सांडलं? सही करा जल्दी.

कल्याण : करतो. पण आज बारा वाजता रखमाजींची उलटतपासणी आहे. साहेबांनी शेवटची संधी म्हणून लिहिलंय. आज कोणी प्रश्न विचारले नाहीत तर त्यांचं शपथपत्र जसंच्या तसं राहील. जालन्याचे वकील आलेत का आज?

द्वारकाबाई : न्हाई. त्यांना आज दुसरीकडं तारीख हाये.

कल्याण : मग आजच्या दिवस मी. सत्तर प्रश्न काढलेत. रात्रभर आरशासमोर—

द्वारकाबाई : आरशासमोर!

कल्याण : ही घ्या सही. हरकत नाही. कागद तुमच्यापाशी ठेवा. दुपारनंतर मी तुमचा कोणी नाही.

द्वारकाबाई : विहिरीबद्दल चकार शब्द काढायचा न्हाई. माझ्या डोळ्यांबद्दल बी न्हाई.

(कोर्टात. रखमाजी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा.)

न्यायाधीश : वकीलसाहेब, सुरू करा. वर्णनं नकोत. प्रश्न विचारा.

कल्याण : होय साहेब. रखमाजी, तुम्ही शपथेवर म्हणता की तुमचे थोरले बंधू आबाराव यांनी विहिरीची पाळी तुम्हाला तोंडी देऊन टाकली. कुठं दिली?

रखमाजी : घरी. ओट्यावर. दादा म्हणला, रखमा, आता पाणी तूच घेत जा.

कल्याण : …

रखमाजी : लिंबाखाली हाये तो ओटा.

कल्याण : …

न्यायाधीश : पुढचा प्रश्न?

कल्याण : …

रखमाजी : साहेब, ह्यांना सांगा, आसं बगू नका म्हणून.

न्यायाधीश : कसं?

रखमाजी : आसं. आमच्या घरी चार वर्षं बगितलं ह्ये. मंडळी जेवणं खोळंबवून बगायची. ह्यांनी आसं बगितलं की दुसऱ्या दिवशी कोणतरी जिन्यावरून पडतंय.

न्यायाधीश : तुमच्या घराला जिना आहे?

रखमाजी : न्हाई साहेब. पण विहीर हाये.

न्यायाधीश : तांगडे वकील, प्रश्न विचारायचा आहे की नाही? …रखमाजींचे वकील, तुम्ही कशाला उठलात? बसा. ते काही विचारतच नाहीत, तर तुमची हरकत कशावर लिहून घेऊ?

रखमाजी : ओट्यावर म्हणजे बिलकुल ओट्यावरच आसं न्हाई. श्रावणातली गोष्ट हाये. माणूस इसरतो.

कल्याण : …

रखमाजी : श्रावणात न्हाई. श्रावणात त्याला संभाजीनगरला दवाखान्यात नेल्तं. तिथून तो आलाच न्हाई माघारी. मंग तिथंच म्हणला आसंल.

न्यायाधीश : थांबा. ओट्यावर की दवाखान्यात?

रखमाजी : दवाखान्यात. खरं सांगतो, दवाखान्यातच. वहिनी चिठ्ठी घेऊन औषधं आणायला खाली गेल्ती. मी अन् तोच व्हतो. आता तरी नजर हटवा ना राव!

कल्याण : …

रखमाजी : नळी व्हती! घशात नळी व्हती त्याच्या, मी कुठं न्हाई म्हणून राह्यलो? मी इचारलं, दादा, पाणी मी घेऊ का? त्यानं बगितलं माझ्याकडं.

न्यायाधीश : आणि काय म्हणाले?

रखमाजी : बोलला न्हाई काही.

कल्याण : …

रखमाजी : पण न्हाई बी म्हणला न्हाई ना, साहेब!

न्यायाधीश : हे असंच्या असं टाइप करा. "घशात नळी असल्याने माझा भाऊ काही बोलला नाही. परंतु तो नाहीही म्हणाला नाही." रखमाजी, बरोबर आहे? सही करा खाली. तांगडे वकील, आणखी काही? तांगडे वकील? …शिपाई, जरा बघा हो त्यांना. श्वास चालू आहे ना?

(दुपारी. तोच बाक.)

द्वारकाबाई : आता तरी बसा. उभे कामून?

कल्याण : मावशी, खरं सांगतो, मी मुद्दाम नाही केलं. तो बोलायचा थांबला अन् माझा चेहरा धरला गेला. दुसरा प्रश्न जिभेवर होता. पण तिथं 'कट' म्हणायला कोणी नाही. साहेब 'पुढचा प्रश्न' म्हणाले, ते मला ऐकू आलं. पण 'कट' नव्हतं ना ते.

द्वारकाबाई : तुमच्या डोक्यानं काही केलं आसंल, आसं मला वाटलंच न्हाई. बेफिकीर राहा.

कल्याण : सत्तर प्रश्न होते. एकच झाला.

द्वारकाबाई : बाकीचे चुलीत घाला.

कल्याण : एकोणपन्नासावा फार चांगला होता.

द्वारकाबाई : त्यो पयला घाला.

कल्याण : …तुम्ही डोळे पुसताय?

द्वारकाबाई : धूळ गेली. न्हाई, खोटं कामून बोलू? नळी घातल्यावर ते माझ्याकडं बी तसंच बगायचे. मला वाटायचं, पाणी मागून राह्यले. डॉक्टर म्हणले, थेंब बी देऊ नका. मी चमचा घेऊन बसून राह्यचे नुसती. अन् ह्यो त्यांना पाणी मागत व्हता. माझं औषध आणणं तेवढं, दहा मिनटं.

कल्याण : …

द्वारकाबाई : झाला का तुमचा पुतळा?

कल्याण : नाही मावशी. ह्या वेळी काही सुचलं नाही, म्हणून गप होतो.

द्वारकाबाई : तेच बरं दिसतं तुम्हाला.

कल्याण : तो कागद असू द्या तुमच्यापाशी. जालन्याच्या वकिलांना आजची साक्ष दाखवा. ते चांगला युक्तिवाद करतील. एकशेचाळीस झाडं वाचतील.

द्वारकाबाई : कोणता कागद?

कल्याण : सकाळी दिला तो. हरकत नाही म्हणून.

द्वारकाबाई : त्याच्यात मिसरी बांधली मी. पुडी फाटल्ती.

कल्याण : म्हणजे… फाइल माझ्याकडंच?

द्वारकाबाई : हुरळू नका. दुष्यंतराव हलकटच व्हता अन् तुम्ही बी फार शहाणे न्हाई. पण रखमाजीला बोलतं करायला आमच्या गावात पंच बसले, भाऊकी बसली, देवाच्या पारावर त्याला उभं केलं. कोणाला जमलं न्हाई. पुढच्या तारखेला काय हाये?

कल्याण : युक्तिवाद. अंतिम युक्तिवाद, मावशी! तिथं तर मलाच बोलायचंय. मी सुरुवातच अशी करणार—

द्वारकाबाई : न्हाई.

कल्याण : ऐका तर.

द्वारकाबाई : तुम्ही कागदावर लिहून द्यायचं अन् खाली बसायचं. लिहून दिलेलं चालतं, मी इचारलं आत्ता त्या कारकुनाला. तोंड उघडायचं न्हाई. कबूल आसंल तं तुम्ही माझे वकील. न्हाई तं पुडी सोडते.

कल्याण : मावशी, तुम्हाला माहीत न्हाई तुम्ही काय मागून राह्यल्या. तिकडं गेल्तो ना मी, पयल्या दिवशी पानभर संवाद दिला व्हता मला. पाठ करून गेल्तो. दोन वाक्यं बोललो अन् सगळे हसाया लागले. म्हणले, मोठ्या घराण्यातला खलनायक आसा भोकरदनसारखा बोलला तं कोण भिणार? दुसऱ्या दिवशी पान कोरं आलं. नुसतं लिव्हेल, 'दुष्यंत बघतो'. चार वर्षं, मावशी. रोज 'दुष्यंत बघतो'. म्हणून वकील झालो. म्हणलं, एक जागा आशी पायजे जिथं माणसाला बोलायसाठीच उभं करतेत.

द्वारकाबाई : आन् तिथं बी मी न्हाई म्हणून राह्यले.

कल्याण : हां.

द्वारकाबाई : झाडं वाळतील हो माझी.

कल्याण : …लिहून देईन. कबूल.

द्वारकाबाई : मंग उभं राहू नका, बसा हितं. माझी बस साडेचारला हाये. तवर बोला, ऐकते मी.