आबांच्या कचोऱ्या आणि खुशीचा निकाल

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, केंद्रप्रमुख महादेवराव साहेब, मंचावरील पाहुणे मंडळी, सत्कारमूर्ती रागिणी मॅडम, माझ्या मायबहिणींनो, गावकरी बंधूंनो आणि समोर चटईवर चुळबुळ करून राहिलेल्या विद्यार्थी मित्रांनो!

मी वामनराव, तुमचा माजी सरपंच. ‘माजी’ हा शब्द मी छाती फुगवून म्हणतो, कारण सांगतोच! आधी एक खुलासा. मॅडमची बदली आपल्या पातूर तालुक्यातून तिवस्याला, त्यांच्या माहेराजवळ झाली, ती त्यांच्याच अर्जावर. मी केलेली नाही. हसू नका! तशी धमकी मी दिली होती, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

झालं असं. गेल्या जुलैत मॅडमनी शाळेचा मुख्यमंत्री निवडायला निवडणूक लावली. अर्ज, चिन्ह, बोटाला शाई, आचारसंहिता, सगळं रीतसर. माझी नात अपेक्षा उभी राहिली. आता सरपंचाची नात पडली, तर गावात तोंड कसं दाखवायचं? मी आदल्या दिवशी मधल्या सुटीत फाटकापाशी गरमागरम कचोऱ्या वाटल्या! आपल्या इकडं हे काही नवल आहे का? पोट्टे खुश, मी खुश.

दुसऱ्या दिवशी अपेक्षाची उमेदवारी रद्द! मी तणतणत शाळेत गेलो. “मॅडम, तुमची बदलीच करतो!”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “निकाल खुशीचा आहे. तीच निवडणूक अधिकारी. अपील तिच्याकडे करा.”

खुशी म्हणजे आपल्या भाजीवाल्या पार्बताबाईची सातवीतली पोरगी. तिनं उठून नमस्कार केला अन् विचारते कशी, “आबा, अर्ज लिहून आणला काय?”

“तक्रार कोणी केली ते दाखव आधी!”

तिनं कागद पुढं केला. अक्षर माझ्या अपेक्षाचं! ‘माझ्या आबांनी कचोऱ्या वाटल्या. माझं नाव काढून टाका.’

मंडळी, ज्या पोरीनं महिनाभर आरशापुढं भाषण घोकलं, तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव कापलं! घरी येऊन ढसाढसा रडली अन् माझ्याशी बोलणंच सोडलं. ‘आबांना जेवायला बोलवा’ हेसुद्धा आजीमार्फत! अहो, नागरिकशास्त्र मीही शिकलो, पण मार्कांपुरतं. मॅडमच्या शाळेत या पोरींनी ते खरं मानलं!

नोव्हेंबरात ग्रामपंचायतीची निवडणूक आली. आमचा पुतण्या किशोर म्हणाला, “काका, जेवणावळ घाला, नाही तं पडान!” म्हटलं, “पडू दे.” अन् पडलो की हो! अकरा मतांनी!

त्या संध्याकाळी मी ओसरीत एकटा बसलो होतो. अपेक्षा आली, बाजूला बसली. चार महिन्यांनी पोरगी बोलली, “आबा, तुमी यावेळी कोणाले चहा पण नाही पाजला ना?”

“नाही, बाई.”

“मले मत असतं, तं तुमालेच देल्लं असतं.”

मंडळी, पाच वर्षं सरपंचकी केली, पण एवढा आनंद मला कधी झाला नव्हता!

मॅडम, गावातर्फे तुमचे मनापासून आभार. माझ्या आजच्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर मंडळींनी सांभाळून घ्यावं. पण त्या दिवशी मी तुमच्या अंगावर ओरडलो, ते सांभाळून घेण्यासारखं नव्हतं. त्याची माफी मी आजवर मागितली नाही. आज अख्ख्या गावादेखत मागतो. माफ करा, मॅडम.