सर्जनभाऊजींची शेवटची वाटणी

व्यासपीठावरच्या एकमेव धड खुर्चीत बसलेले आपल्या पाटी मंडळाचे माननीय अध्यक्ष, त्यांच्या शेजारी डुगडुगत्या खुर्चीत जपून बसलेले आजचे सत्कारमूर्ती सर्जनभाऊजी, दर महिन्याला वाचनालयाची ही खोली आपल्यासाठी भाडं न घेता उघडून देणाऱ्या ग्रंथपाल बाई, मंडळाचे सभासद, सभासदांबरोबर नाइलाजानं आलेली त्यांची घरची माणसं, आणि मागच्या बाकावर पेपर वाचत बसलेले ते दोन गृहस्थ, जे आपल्यातले नाहीत पण उठूनही जात नाहीत, अशा सर्वांना माझा नमस्कार.

खरं म्हणजे इथं उभं राहायचं काम आमच्या ह्यांचं. मंडळाचे चिटणीस ते. ते गेल्यावर चिटणीसपद रिकामं आहे, त्यामुळे अध्यक्ष घरी आले आणि म्हणाले, वहिनी, निरोपाचे दोन शब्द तुम्हीच बोला. मी म्हटलं, अहो, मी शिवणकाम करणारी बाई. कापड द्या, माप द्या, करून देते. भाषण कुठून आणू? ते म्हणाले, माप तुमचं तुम्हीच ठरवा. तेव्हा आज लांबलं तर बोल त्यांना लावा.

जी मंडळी नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते. पाटी म्हणजे तळहाताएवढा एक कॉम्प्युटर. राखाडी रंगाचा, हिरवट पडद्याचा, पाठीत एक काडी खोचलेली. त्या काडीनं पडद्यावर लिहायचं, म्हणून आम्ही त्याला पाटी म्हणतो. कंपनीनं तो बनवायचा कधीच बंद केला. माझ्या लेकीच्या फ्रॉकला मी झालर लावत होते त्या काळातली गोष्ट. आता तीच लेक मला फोन कसा वापरायचा ते ओरडून ओरडून शिकवते. जगानं ज्याला केव्हाच राम राम ठोकला त्या वस्तूसाठी ही शहाणीसुरती माणसं दर महिन्याला इथं जमतात. का जमतात? मी ह्यांना पुष्कळदा विचारलं. ते म्हणायचे, ही लगेच उघडते आणि मला काही विकत नाही. ह्याच्यापुढे वाद घालून काय उपयोग?

ह्यांचं काम लिफ्ट तपासायचं. गावभरच्या इमारतींच्या लिफ्टचे दोर, चाकं, दारं, सगळं त्या पाटीत लिहिलेलं असायचं. पाटीवर लिहायची अक्षरंसुद्धा वेगळी. काडी न उचलता एका फटक्यात अक्षर काढायचं. ती सवय हाताला अशी लागली की एकदा ह्यांनी बँकेच्या चेकवर त्याच अक्षरांत नाव लिहून दिलं. चेक परत येणार हे मी धरूनच चालले होते. तर काय, आतून कॅशियर चेक हातात घेऊन धावत बाहेर आले आणि विचारायला लागले, तुमच्याकडेही आहे का? मंडळाचा जन्म तो असा बँकेच्या दारात झाला. ते कॅशियर म्हणजेच आजचे अध्यक्ष. चेक मात्र वटला नाही, तो मला दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन जावा लागला.

आता सत्कारमूर्तींकडे वळते, नाहीतर म्हणाल की ही बाई स्वतःच्या घरचंच सांगत बसली.

जिन्याखालचं त्यांचं दुकान तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. घड्याळं, कानाची यंत्रं, रेडिओ, सगळं दुरुस्त करायचे, पण पाटी आली की बाकीचं बाजूला. एवढासा स्क्रू चिमट्यात धरून ते श्वास रोखायचे, आणि समोर उभा असलेला माणूसही आपोआप श्वास रोखून धरायचा. म्हणून तर सर्जन नाव पडलं. आता त्यांचा हात कापायला लागलाय. ही गोष्ट त्यांनी स्वतःच मागच्या बैठकीत सांगितली, कुणी विचारलं नसताना. म्हणून ते लेकाकडे राहायला चाललेत, आणि जाताना म्हणालेत की आज जेवढं उघडायचं तेवढं उघडून देतो, उद्यापासून चिमटा हातात धरणार नाही. खिडकीपाशी ते टेबल मांडलंय, दिवा आहे, वर कापड झाकलंय. मघापासून सगळे तिकडे बघायचं टाळतायत. मीही टाळतेय.

कारण तुम्हाला मंडळाचा नियम ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांना सांगते. नवीन भाग कुठेच मिळत नाहीत. म्हणून सभासद गेला की त्याची पाटी पुढच्या बैठकीत सर्जनभाऊजी उघडतात आणि तिचे भाग बाकीच्यांना वाटून देतात. वाटणी म्हणतात त्याला. आपल्या भूगोलाच्या बाई गेल्या तेव्हा त्यांची बटणं अध्यक्षांच्या पाटीला लागली. आजही अध्यक्ष बटण दाबताना मनातल्या मनात बाईंना विचारून दाबतात असं मला वाटतं. हा नियम कुणी केला? आमच्या ह्यांनी. माझ्यासमोर, जेवणाच्या ताटावरून उठून, फोनवर सगळ्यांना सांगितला. मी तेव्हा म्हटलं होतं, काय बाई अभद्र बोलता. ते म्हणाले होते, अभद्र काय त्यात, कपाटात ठेवून कुणाचं भलं झालंय?

आता ह्यांची पाटी माझ्या पर्समध्ये आहे. कित्येक बैठका झाल्या, मी ती आणलेली नाही. आज आणली आहे.

मंडळातल्या एकानंही ती मागितली नाही. हे मी मुद्दाम सगळ्यांसमोर सांगते, कारण अशी मर्यादा हल्ली दिसत नाही. आपले कंडक्टर तिथं बसलेत. त्यांच्या पाटीचा पडदा निम्मा काळा पडलाय. ते गाडी स्टँडवर उभी असली की शब्दकोडी रचायचे, सगळी त्या पाटीवर. आता निम्मं कोडं दिसतं आणि निम्मं आठवावं लागतं. ह्यांच्या पाटीचा पडदा मंडळात सगळ्यांत चांगला. कंडक्टर माझ्याकडे आले. पडद्याबद्दल चकार शब्द नाही. विजार आणली होती, म्हणाले, जरा तोकडी करायचीय. केली. पुन्हा आले, तीच विजार, म्हणाले, जरा लांब हवी. केली. तिसऱ्यांदा तीच विजार बघितल्यावर मी म्हटलं, कंडक्टर, हिला आता दुमडायला कापड उरलेलं नाही. ते चहा पिऊन गेले. हसू नका, त्यांच्या जागी मी असते तर मलाही विचारता आलं नसतं.

मी का दिली नाही, ते सांगायला हवं. सर्जनभाऊजींचा सत्कार त्याशिवाय पुरा होणार नाही.

पाटीत दोन बारीक सेल असतात. ते पूर्ण संपले की आतलं सगळं पुसून जातं. ह्यांना दवाखान्यात ठेवलं त्या दिवसांत कुणाचं लक्ष पाटीकडे असणार? मग ते गेले. घर माणसांनी भरलेलं. जो तो मला धीर देत होता, पाठीवरून हात फिरवत होता. तेवढ्यात सर्जनभाऊजी दारात आले. चपला काढल्या, कुणाकडे बघितलं नाही, सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, दोन सेल आहेत का?"

घरच्यांना वाटलं, ह्या माणसाला काही पाचपोच आहे की नाही. मी उठले आणि ड्रॉवरमधून सेल काढून दिले. मला तर ते बरंच वाटलं, कारण त्या दिवशी माझ्याकडून काही हवं असलेले ते एकटेच होते. त्यांनी सेल बदलले, पाटी ह्यांच्या पलंगाच्या उशाशी होती तिथंच ठेवली आणि निघून गेले. तेव्हापासून सेल मी बदलते. जुने काढून नवे घालायला मिनिटभराची सवलत असते, तेवढ्यात उरकावं लागतं. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला ते अवघड नाही.

आणि त्यानंतर मी रडलेले नाही. हे काही मोठेपणानं सांगत नाही, काय आहे ते सांगते. शिवणयंत्रावर फार वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात, मग पाय बधिर होतो; हात लावून बघावं तर दुसऱ्या कुणाचा असावा तसा लागतो. तसं माझं सगळंच झालंय. ब्लाउज शिवते, भाजी आणते, लेकीशी बोलते. ती विचारते, आई, बरी आहेस ना? मी म्हणते, बरी आहे, आणि तसं खोटंही नसतं. वाईट वाटायला हवं हे कळतं, पण वाटत नाही. लोक म्हणतात, एकदा मोकळी हो. कशी होऊ? बटण कुठे आहे ते मला सापडलेलं नाही.

मला काचबिंदू आहे. डोळ्यांत रोज थेंब घालावे लागतात आणि ते मी विसरते. म्हणून ह्यांनी पाटीत गजर लावला होता. चहाच्या वेळेला तो वाजतो आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत येतं, हिचे थेंब. हे कुठल्या तरी इमारतीत लिफ्टच्या टपावर उभे असायचे, तिथं तो वाजायचा, आणि हे मला फोन करायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. नुसतं, "घातले?" मी म्हणायची, घातले. आणि मग उठून घालायची.

तो गजर अजून रोज वाजतो. घरात मी एकटी, समोर पाटी, आणि ती सांगते हिचे थेंब. मी थेंब घालते. डोळ्यांतून पाणी गालावर येतं ते मी पदरानं टिपते. दिवसभरात माझे डोळे ओले होतात ते तेवढेच.

मागच्या आठवड्यात मी पाटी घेऊन जिन्याखाली गेले. भाऊजींना म्हटलं, हा गजर कधीपर्यंत आहे तेवढं बघून सांगा. मनात हिशेब असा होता की त्याची मुदत संपली की मी पाटी देऊन टाकीन, कुणाचा तंटा नको. त्यांनी भिंग लावून बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, गजर लावताना, तो कधी थांबवायचा असं ती विचारते. त्यांनी शेवटची तारीख घातलेलीच नाही."

मी घरी आले आणि उरलेलं शिवण पुरं केलं.

भाऊजींनी नंतर सुचवलं की आतलं सगळं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून देतो. मी म्हटलं, उतरवलेलं वाजेल का? लेकीनं माझ्या फोनवर थेंबांचा गजर लावून दिलाय. तो चांगला मोठ्यानं वाजतो आणि माझ्या डोळ्यांचंही त्यावर भागेल. काळजीचं काही कारण नाही.

तर सभ्य स्त्री-पुरुषहो, मला पाटी द्यायची नाही. हे मी स्वच्छ सांगते, उगाच त्यागबिग म्हणून टाळ्या नकोत. पण नियम ह्यांचा आहे, आणि तो पाळणारा हात भाऊजींचा आहे, आणि आजनंतर हे दोन्ही एका ठिकाणी मिळायचे नाहीत. ती माझ्याकडे राहिली तर एक दिवस बिघडेल आणि मी ती कपाटात ठेवीन. कंडक्टर, पडदा तुमचा. बाकी कुणाला काय लागेल ते भाऊजींना सांगा. सेल मात्र मी काढणार. भाऊजींनी आजवर वाटणीला आलेल्या एकाही पाटीचे सेल स्वतः काढलेले नाहीत, ते घरच्यांनीच काढायचे असं ते मानतात, आणि मला ते पटतं.

सर्जनभाऊजी, तुमच्याबद्दल बोलायला उभी राहिले आणि स्वतःबद्दलच बोलले. तुम्ही ह्या सगळ्यांच्या वस्तू इतकी वर्षं जिवंत ठेवल्यात, आणि त्या दिवशी माझ्या दारात येऊन सेल मागितलेत, त्यासाठी मी तुमची ऋणी आहे. लेकाकडे सुखात राहा. हात कापतो म्हणून चहाचा कप अर्धाच भरून घ्या, ह्या वयात कुणी हसत नाही.

अध्यक्षांनी मला बोलायला दिलं, ग्रंथपाल बाईंनी पंखा चालू ठेवला आणि तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कुठे अधिकउणं झालं असेल, कंडक्टरांची विजार काढायला नको होती, तर तेही पोटात घाला.

आता चहा येईल. थोड्या वेळात पर्समध्ये गजर वाजेल. रोज मी काडीनं तो बंद करते. आज कुणी बंद करू नका, मीही करणार नाही. त्याचं त्याला थांबू दे. मी थेंब घालते, आणि मग सेल काढते.